किडनीचा मान

गणपतीत देखावा तर अख्खं कोल्हापूर करतं. त्यात काय मोठंसं? आमच्या पेठेतली संयुक्त तालीम देखावा करते तो तालमीच्या वाढदिवसाला, ऐन फेब्रुवारीत. त्या वेळी गावात दुसरा देखावाच नसतो, त्यामुळं पहिला नंबर दरवर्षी आपलाच.

"संयुक्त" म्हणजे तालीम एक आणि गल्ल्या दोन. चौकाच्या अलीकडं पिंपळ गल्ली, पलीकडं हौद गल्ली. दोघींचं एकमेकींवाचून भागत नाही आणि एकमेकींशी जमत नाही. तालमीत नारळ फोडायचा तर दोन फुटतात. फीत कापायची तर दोन कात्र्या लागतात, आणि कुणाची कात्री आधी पोचली यावर वाद होऊन चहा थंड होतो. एकदा एका पाहुण्याला दोन्ही गल्ल्यांनी एकाच दमात दोन बाजूंनी हार घातले. पाहुणा पुढं आठवडाभर गळ्याला पट्टा लावून हिंडत होता.

यंदाचा अध्यक्ष पिंपळ गल्लीचा बाळासो. ह्या बाळासोला दिवाळीत मुतखडा झाला. खडा पडताना तो असा बोंबलला की रंकाळा तळ्यावरची बदकं उडाली म्हणतात. पण खडा पडला आणि माणूस ज्ञानी झाला. पन्नाशीपर्यंत ज्याला आपल्या पोटात किडनी आहे याचा पत्ता नव्हता, तो आता चहाच्या गाड्यावर कपाला किडनी आणि बशीला मूत्राशय म्हणून, चहा वरनं खाली ओतून दाखवायला लागला. त्या गाड्यावरची निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

तालमीच्या बैठकीत त्यानं जाहीर केलं, "औंदा देखावा किडनीचा!"

सगळ्यांच्या आधी बोलल्या त्या समोरच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या झुंबरबाई. पिंपळ गल्लीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांना बैठकीला कुणी बोलवत नाही, त्या घरातनंच हजर असतात.

"आरं मुडद्या, लोकं देखाव्यात देव दावत्यात, किल्लं दावत्यात. तू मुतायचं दावनार व्हय?"

"काकू, शास्त्र हाय ते."

"शास्त्र हाय तर घरात कर, दार लावून."

पण बाळासो हटला नाही, आणि हौद गल्लीनंही विरोध केला नाही. कारण हौद गल्लीचा म्होरक्या गुंडूअण्णा. चौकात त्याचं गॅरेज. आणि गुंडूअण्णाची पोरगी संयोगिता डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. देखाव्याचा आराखडा ती काढणार म्हटल्यावर गुंडूअण्णाची छाती बोनेटसारखी वर आली. "माझी पोरगी कॉलेजात पयली हाय," हे वाक्य तो पंक्चर काढताना, ब्रेक धरताना आणि ऑइल बदलताना न चुकता सांगायचा. गाडी दुरुस्त होवो न होवो, गिऱ्हाईक हे ऐकून जायचं.

आता खरं काय ते सांगतो. संयोगिता अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत नुकतीच नापास झालेली होती.

परीक्षा घेणारे जयसिंगपूरचे हेरवाडे सर. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका सोपा की खाटकाचं पोरगं झोपेत सांगेल. "दोन्ही किडन्यांत खाली कुठली?" संयोगिताला उत्तर पाठ होतं. पण सरांनी चष्म्यावरनं बघितलं आणि पाठ केलेलं सगळं पाठ फिरवून गेलं. ती म्हणाली, "दोन्ही सारख्याच, सर."

सरांनी चष्मा काढला. "सारख्याच? लेव्हल लावून बघितलीस काय? जा. पंधरा दिवसांनी सोमवारी परत ये. त्या दिवशी अडखळलीस तर मोठ्या परीक्षेला बसायचं विसर."

हे तिनं फक्त आईला सांगितलं. बापाला सांगायची सोय नव्हती, कारण बापानं सगळ्या पेठेच्या गाड्यांना सांगून ठेवलं होतं. मग तिनं ठरवलं, देखावा आपणच काढायचा. जी गोष्ट तोंडातनं निघाली नाही ती हातानं अशी घडवायची की परत कधी विसरणार नाही.

देखावा बांधायचं काम नौमानकडं. त्याचा बाप लालासाब सगळ्या पेठेचे देखावे करायचा. नौमान त्याच्या पुढं गेलेला, फायबर बी तोच करणार आणि नळ बी तोच जोडणार. त्यानं प्लायवूडचा दुमजली पैलवान कापला. लांग कसलेला, मिशा पिळलेल्या आणि पोट उघडं.

"नौमानदादा, मिशा कशाला?" संयोगितानं विचारलं. "आपल्याला किडनी दाखवायची आहे."

"ताई, मिशा न्हाईत तर पब्लिक थांबत न्हाय. एकदा थांबलं की मग आत काय बी दावा."

पोटात पोत्याएवढ्या दोन फायबरच्या किडन्या. राजम्याच्या दाण्यासारख्या, खाचेची बाजू आत, एकमेकींकडं. प्रत्येकीच्या डोक्यावर पिवळी अ‍ॅड्रिनल ग्रंथी, टोपी घातल्यागत. दोन्हींकडनं खाली येणाऱ्या पारदर्शक नळ्या, त्या मूत्रवाहिन्या. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं मूत्राशय. त्याच्या बुडातनं एक पाईप, त्याला कॉक, त्याखाली टाकी, आणि टाकीतनं पंपानं पाणी परत वर. मूत्राशय भरलं की लाल बल्ब लागायचा, मग पंप थांबवायचा आणि कॉक उघडायचा. पाण्यात जिलेबीचा रंग. बटाट्याच्या भाजीची हळद चालेल काय असं बाळासोनं विचारलं होतं, ते नौमाननं ऐकलं नाही असं दाखवलं.

इथपर्यंत सगळं शास्त्राप्रमाणं. मग वाटणी झाली.

पंप हौद गल्लीनं चालवायचा, म्हणजे मानाचा पंप गुंडूअण्णाकडं. कॉक पिंपळ गल्लीनं उघडायचा, म्हणजे मानाचा कॉक बाळासोकडं. आणि किडन्या दोन असल्यामुळं एकेका गल्लीला एकेक. दोघांनाही उजवी पाहिजे. उजवा हात, उजवं पाऊल, मग किडनी डावी कोण घेणार? शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. झुंबरबाईंनी लसणाच्या हातानं चिठ्ठी उचलली आणि उजवी हौद गल्लीला गेली. फटाके वाजले. गुंडूअण्णानं पेढे वाटले. एका अवयवासाठी पेढे वाटणारी आमची पेठ पहिलीच असावी.

त्याच संध्याकाळी बाळासोनं आणखी एक बातमी दिली. "परमुख पावणं ठरलं! आमच्या मंडळीच्या म्हायेरची वळख हाय. जयसिंगपूरचं हेरवाडे सर! किडनीतलं लई मोठं मानूस. शनवारी येनार."

संयोगिताच्या हातातला ब्रश खाली पडला. शनिवार. सोमवारच्या आधी दोन दिवस. सरांनी ज्या प्रश्नावर तिला बाहेर काढलं, त्याच प्रश्नाचा दुमजली पुतळा तिच्याच नावानं चौकात उभा राहणार होता. तो बरोबर निघाला तर सोमवार निम्मा सर होणार. आणि चुकला तर सोमवारी जायचंच कशाला?

"नौमानदादा," ती म्हणाली, "बोटभर सुद्धा इकडंतिकडं व्हायला नको."

"ताई, बोटभर कशाला, केसभर होनार न्हाय. आपलं काम म्हंजे काम."

त्याचं काम खरंच चोख होतं. शनिवारी सकाळी कापड काढलं आणि हौद गल्लीनं आपली किडनी बघितली.

"ही डावीकडं कशी काय आली?" गुंडूअण्णा.

"आबा, ती पैलवानाच्या उजवीकडं आहे," संयोगिता म्हणाली. "तो आपल्याकडं तोंड करून उभा आहे ना."

"मग त्येला फिरीव."

"मग पाठ दिसंल त्याची."

"दिसू दे की! पैलवानाची पाठ काय वाईट आसती?"

हे कसंबसं मिटलं. तेवढ्यात हौद गल्लीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं. "अण्णा, आपली खाली हाय."

हौद गल्लीची किडनी पिंपळ गल्लीच्या किडनीपेक्षा हातभर खाली होती. पिंपळ गल्लीची पोरं हळूच हसायला लागली.

"आन् त्येंच्या डोस्क्यावर बघा," दुसरा म्हणाला. "त्येंच्या ग्रंथीचा कसा चंद्रकोरीगत ऐसपैस फेटा! आन् आपली? तिकोनी! वाढदिवसाची टोपी घातल्यागत!"

"आबा, ते तसंच असतंय सगळ्यांच्या पोटात. तुमच्या पण. बाळासोकाकांच्या पण."

गुंडूअण्णानं पोरीकडं बघितलं. "तुझ्या पुस्तकात गल्ली हाय काय?"

"नाही."

"मग पुस्तकाला काय कळतंय?"

संयोगितानं हात जोडले. कुणी कशाला हात लावू नका, असं प्रत्येकाला निरनिराळं सांगितलं आणि प्रॅक्टिकल चुकवता येत नव्हतं म्हणून कॉलेजला गेली. चूक झाली. कोल्हापुरात कशाला हात लावू नका म्हणून सांगायचं नसतं.

ती गेल्यावर गुंडूअण्णानं गॅरेजमधनं जॅक आणला. किडनी पिंपळ गल्लीच्या बरोबरीला आणायची, बास, एवढंच त्याच्या मनात होतं. पण जॅकचा दांडा हातात आला की दोन दाब जास्तच बसतात. हौद गल्लीची किडनी चार बोटं वर गेली.

बाळासो जेवायला गेलेला, घास टाकून आला. "आसं व्हय?" म्हणाला आणि उसाच्या ट्रॉलीचा जॅक मागवला. पिंपळ गल्लीची किडनी वीतभर वर गेली.

गुंडूअण्णानं इंजिन उचलायची चेन पुली लावली.

बाळासोनं बांधकामावरचा रहाट आणला.

दुपारभर चौकात दोन किडन्या चढत होत्या. बरगड्या गेल्या, छाती गेली. बघायला ही गर्दी. लोक मुख्य देखावा हाच समजून टाळ्या देत होते. "नाद खुळा!" एक पोरगा ओरडला, "किडनीची शर्यत!" नौमान शिडीवरनं कळवळून सांगत होता, "अण्णा, काका, नळ्या तानल्यात! खालचं मूत्राशय उचलाय लागलंय! बुडाचा पाईप मुरगळला!"

"मुरगळला तर सरळ कर," दोघं एका सुरात म्हणाले. दिवसभरात दोघांचं एकमत झालेलं हे एकच.

शेवटी किडन्या पैलवानाच्या काखेत जाऊन अडकल्या, पुढं जागाच नव्हती. तेव्हा हौद गल्लीनं आपल्या तिकोनी ग्रंथीवर भगवा फेटा बांधला, खरा, तुरा सोडून. पिंपळ गल्लीनं आपल्यावर त्याहून मोठा बांधला. आणि किडन्या एकमेकींकडं तोंड करून आहेत हे तर कुणालाच पटेना. "आपुन त्येंच्याकडं कशाला बघायचं?" म्हणून दोन्ही फिरवून खाचा बाहेर काढल्या. नळ्या पैलवानाच्या छातीवरनं जानव्यागत आडव्या झाल्या.

संयोगिता चौकात आली तेव्हा पाच वाजायला आलेले. तिनं वर बघितलं. दोन्ही काखेत एकेक फेटेवाली किडनी घेऊन पैलवान मिशीला पीळ देऊन उभा. कलिंगडं चोरून निघाल्यासारखा.

"आबा!" एवढंच तिच्या तोंडातनं निघालं.

"सारख्या केल्या बघ," गुंडूअण्णा घाम पुसत म्हणाला. "एक बोट फरक न्हाय. लेव्हल लावून बघितली."

तिच्या डोळ्यांपुढं हेरवाडे सरांचा चष्मा आला. "उतरवा. आत्ता उतरवा, आबा, पाया पडते."

"काय झालं आसं?"

तिनं तोंड उघडलं. 'मी नापास झाले' हे तीन शब्दही आले नाहीत, फक्त "आबा, मी..." आलं आणि तेवढ्यात चौकात हलगी वाजायला लागली. पाहुण्यांची गाडी आली होती.

हेरवाडे सर उतरले. बारीक, सुके, कडक इस्त्रीचे. दोन्ही गल्ल्यांनी दोन नारळ, दोन शाली दिल्या आणि दोन फेटे बांधायला घेतले. एका डोक्यावर दोन फेटे बसेनात म्हणून एक फेटा दुसऱ्यावर बांधला. सर त्या भारानं मागं झुकले, आणि झुकल्यामुळंच त्यांची नजर सरळ पैलवानाच्या काखेत गेली.

गुंडूअण्णानं पंप चालू केला. जिलेबीच्या रंगाचं पाणी वर चढलं, छातीवरनं आडवं फिरलं आणि खाली ट्यूबमध्ये उतरायला लागलं. टाळ्या पडल्या.

सरांनी मात्र चष्मा पुसून पुन्हा वर बघितलं. मग त्यांनी माइक घेतला. "अध्यक्ष, ह्या माणसाच्या किडन्या काखेत का आहेत?"

"मान हाय सर त्यो," बाळासो म्हणाला.

"कुणाचा?"

"दोन्ही गल्ल्यांचा."

"आणि हे फेटे?"

"अ‍ॅड्रिनल हाय ती. सजीवली जरा."

"आराखडा कुणी काढलाय?"

गुंडूअण्णा हीच वाट बघत होता. त्यानं पोरीला दंडाला धरून पुढं ओढलं. "माझी लेक, सर! तुमच्याच कॉलेजात हाय. पयली!"

सरांनी चष्म्यावरनं बघितलं. तेच बघणं. "पहिली?" ते म्हणाले. संयोगितानं डोळे मिटले. आता सर सांगणार, माइकवर, सगळ्या पेठेपुढं. पण सर म्हणाले, "बरं. काय गं, आपलं सोमवारचं ठरलंय ना? सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? हितं चुका मोप आहेत. एकेक सांग. इतकी चांगली सोय आमच्या लॅबमध्ये पण नाही."

दुसरा माइक तिच्या हातात आला. गुंडूअण्णा बायकोच्या कानाला लागला, "बघ, सरानी माझ्या पोरीला भाषान कराय लावलं."

"खाली कुठली?" सरांनी विचारलं.

उत्तर तिला माहीत होतं. पण समोर बाप उभा. मानाच्या पंपाच्या बटणावर हात ठेवून, दिवसभर जॅक मारून मारून लाल झालेला. उजवी खाली म्हणायचं म्हणजे भर चौकात बापाची किडनी खाली आणायची. डावी म्हणायचं म्हणजे सोमवार गेला.

ती म्हणाली, "उजवी, सर. उजवी खाली."

पिंपळ गल्लीत शिट्ट्या पडल्या. गुंडूअण्णाचं तोंड टायरमधली हवा गेल्यागत उतरलं.

"का?"

"कारण तिच्या वर लिव्हर असतंय, सर. पोटातला सगळ्यात मोठा अवयव. त्यानं जागा घेतली म्हणून उजव्या किडनीला खाली सरकावं लागतं."

गुंडूअण्णानं मान वर केली. "थांब थांब. लिव्हर कुनाच्या बाजूला?"

"उजव्या, आबा."

"म्हंजे आमच्या?"

"व्हय."

"सगळ्यात मोठ्ठा अवयव?"

"व्हय, आबा!"

"मग आदी सांगायचं की गं!" गुंडूअण्णा गल्लीकडं वळला. "ऐकलं काय रं? लिव्हर आपलं हाय! घरात मोठा मानूस आला तर आपुन सरकून बसायचंच आसतंय!"

हौद गल्लीत हलगी घुमली. बाळासो भडकला. "आन् आमच्याकडं काय? आमच्याकडं कोन ऱ्हातंय?"

"प्लीहा," संयोगिता म्हणाली.

"केवढी आसती?"

"मुठीएवढी, काका."

हौद गल्ली हसून लोळायला लागली. बाळासोचा रंग बदललेला बघून तिनं घाईनं भर घातली, "पण जठर बी बहुतेक सगळं डावीकडंच! जेवण तुमच्याकडं!"

"तांबडा-पांढरा रस्सा आमच्याकडं!" पिंपळ गल्ली गरजली.

"शांत!" सर म्हणाले. वरचा फेटा त्यांच्या भुवयांवर आला होता, तो त्यांनी मागं सारला. "किडनीची खाच?"

"आतल्या बाजूला पाहिजे, सर. तिथनंच रक्त आत-बाहेर जातं आणि मूत्रवाहिनी निघते. ह्यांनी बाहेर फिरवली."

"अ‍ॅड्रिनल?"

"उजवी तिकोनी, डावी चंद्रकोरीगत आणि जरा मोठी. उजवीची शीर आखूड, ती सरळ मोठ्या शिरेला मिळते. डावीची आधी डाव्या किडनीच्या शिरेला मिळते."

"आमची डायरेक हेडाफिसला!" हौद गल्लीतनं आवाज आला. "तुमी तालुक्याला जाऊन मग या!"

संयोगिताची जीभ आता सुटली होती. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. आठवडाभर हातानं घडवलेलं सगळं हातातनं तोंडात येत होतं. गुंडूअण्णा तर पोरीकडं बघून इतका दंग झाला की लाल बल्ब लागला हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नौमानच्या आलं. "अण्णा, मूत्राशय भरलं! पंप बंद करा!"

गुंडूअण्णानं बघितलं. ट्यूब चांगली टम्म झाली होती. त्यानं बटणाकडं हात नेला आणि थांबला. "बाळासो, आदी तू कॉक उघड."

"आदी तू पंप बंद कर. नेम तसाच हाय."

"मी बंद केला आन् तू उघडला न्हाईस म्हंजे? हौद गल्ली थांबली, पिंपळ गल्ली चालली, आसं दिसंल."

"आन् मी आदी उघडला तर पिंपळ गल्ली वाकली आसं दिसंल!"

ट्यूब आणखी फुगली. पैलवानाच्या लांगेला ताण आला. झुंबरबाई उंबऱ्यावरनं ओरडल्या, "आरं भाड्यांनो, त्येला मोकळं हू द्या! बघवंना झालंय!" गर्दीतल्या दोघाचौघांनी नकळत पाय आवळून घेतले. खुद्द बाळासो, ज्याला ह्या दुखण्याचा अनुभव होता, घामानं डबडबला. शेवटी त्याला राहवेना. गल्लीचा मान एका बाजूला ठेवून त्यानं कॉक सोडला.

एक थेंब आला नाही. बुडाचा पाईप दुपारीच मुरगळलेला.

"पंप!" नौमान किंचाळला. गुंडूअण्णानं बटण दाबलं, पण घाईत दिव्याचं दाबलं. चौकातले दिवे गेले, पंप चालूच.

हेरवाडे सरांना ह्यातलं काही दिसत नव्हतं, कारण वरचा फेटा पुन्हा डोळ्यांवर आला होता. त्यांचा माइक मात्र चालू होता. "शेवटचा प्रश्न. अ‍ॅड्रिनल करते काय?"

आणि तिथं संयोगिता परत अडकली. तेच. तीच कोरी पाटी. तिला दिसत होती ती फक्त ट्यूब. संध्याकाळच्या उजेडात ती लाल बल्बासकट फुगत होती, कातडीगत पातळ झाली होती, आणि हिस्स हिस्स करत होती.

मग फुटली.

एकदम नाही. आधी डावी नळी निसटली आणि नागागत वळवळत पिंपळ गल्लीवर जिलेबीचं पाणी मारत सुटली. मग उजवी निसटली, तिनं हौद गल्ली धुतली. मग ट्यूब फाटली आणि उरलेलं सगळं सरळ पुढं, प्रमुख पाहुण्यांच्या दिशेनं.

चौकाचे दोन भाग झाले. निम्मी माणसं जीव घेऊन पळाली. चपला राहिल्या, हलगी राहिली, एक माणूस दुसऱ्याचं पोरगं काखेत घेऊन पळाला. आणि उरलेली निम्मी, भिजलेली, पिवळीधमक, जागेवरच एकमेकांच्या अंगावर धावली, "तुमच्या कॉकमुळं!" "तुमच्या पंपामुळं!" म्हणत. बाळासो आणि गुंडूअण्णांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या.

संयोगिताच्या छातीत धडधडत होतं. हात थंड पडले होते, तोंड कोरडं होतं, आणि चौकातला प्रत्येक माणूस तिला लख्ख दिसत होता. तिनं माइक तोंडाशी नेला.

"सर! हेच! हेच करते, सर!"

सर पिठाच्या गिरणीच्या पायरीवर चढून उभे होते. कसे पोचले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "काय हेच?"

"छाती धडधडते, डोळे मोठे होतात, पोटातलं रक्त हातापायांत जातं! भांडा न्हायतर पळा! अ‍ॅड्रिनलिन, सर!"

"कुठनं सुटतं?" सर ओरडले. नाकावरनं पाणी ठिबकत होतं.

"आतल्या भागातनं! मेड्युला!"

"आणि बाहेरचा भाग?"

"कॉर्टेक्स! कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन! शरीरातलं मीठ आणि पाणी धरून ठेवतं!"

"तुमच्या पेठेत कुणाला ते आहे काय?" सरांनी कोट पिळला. "पास! पास झालीस! सोमवारी येऊ नको! आणि कुणीतरी तो पंप बंद करा!"

पंप नौमाननं वायर उपटून बंद केला.

चौकात फक्त ठिबक ठिबक ऐकू येत होतं. गुंडूअण्णानं बाळासोची कॉलर सोडली. चेहऱ्यावरनं जिलेबीचा रंग ओघळत होता, पण पोरीचं कौतुक त्याच्यातनं बी दिसत होतं. तो दोन्ही हात पसरून तिच्याकडं निघाला. "पास! ऐकलं काय रं सगळ्यांनी? खुद्द सर म्हनालं, माझी पोरगी..."

आणि मधेच थांबला. कपाळाला आठी पडली.

"थांब गं जरा. पास झाली म्हंजे? आदी काय हुतीस?"

संयोगितानं बापाकडं बघितलं. बाळासोच्या कॉलरीचं तुटलेलं बटण त्याच्या मुठीत अजून होतं. तिनं माइक नौमानच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि दोन्हीपैकी जे शहाण्यासारखं होतं ते केलं.

रंकाळ्यापर्यंत ती थांबली नाही.